दादाच्या हातचा हीटर

मी बोलतोय खरा, पण फार जवळ येऊन ऐकू नका. जरा लांब बसा आणि खिडकी उघडी ठेवा. आता माझ्यात भिण्यासारखं काही उरलेलं नाही, उभा चिरून खिळ्याला टांगलाय मला. तरी सवय ती सवय. माझ्या तोंडाशी दोन माणसं आठवड्यामागून आठवडे बसत होती आणि त्यांचं काय होणार ते एकट्या मलाच ठाऊक होतं. तेव्हापासून कोणी जवळ आलं की माझा पत्रा आकसतो.

मी एक हीटर आहे. मोटारीत बसणाऱ्यांचे पाय गरम करणारा. दुकानातून खोक्यात बसून आलेला नव्हे हं, हाताने घडवलेला. आमची गाडी जुनी, दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वर कापडी टप. स्पोर्ट्स कार म्हणतात तिला. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात हीटर नव्हताच. असल्या गाड्या तरुण पोरं घेतात आणि तरुणांना थंडी वाजत नाही, असा त्या कारखानदारांचा समज असावा. पण आमच्या घरी आली तेव्हा ती स्वतःच म्हातारी होती, आणि तिला आणणारे दोघे भाऊही काही कोवळे नव्हते.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. पत्र्याचं काम करायचा. बेकरीचे ट्रे, धुराड्यांचे पाइप, हवा नेणारे चौकोनी बोगदे, सांगाल ते. धाकटा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. लग्न त्याने केलं नाही. दादा-वहिनींच्याच घरी वरच्या खोलीत राहायचा, जेवायला खाली यायचा. दादा त्याला बारक्या म्हणायचा. बारक्याचे केस पिकले तरी तो बारक्याच राहिला.

दादाचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. त्या माणसाने जन्मात कोणाची री ओढली नाही. "आज थंडी आहे," म्हणालात तर "थंडी कसली, वारा आहे," म्हणणार. बरं, वारा आहे म्हणून मान्य करावं, तर "वारा तरी कुठे म्हणण्यासारखा," हे वर. वहिनी म्हणायच्या, "ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा. मारला की परत आलाच म्हणून समजा." पण त्या रोज मारायच्या. त्या घरात माया अशीच चालायची, कडाकड.

माझा जन्मही भांडणातूनच झाला. गाडी दुरुस्त होऊन पहिल्यांदा रस्त्यावर आली ती ऐन थंडीत. वहिनींनी स्वतः शिवलेला टप वर चढवलेला होता. पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दादा त्यांना फिरवून घेऊन आला. वहिनी उतरल्या आणि म्हणाल्या, "या गाडीत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आणि ठेवलंच तर ते माझंच आहे का, हे मला कळणार नाही."

"थंडी गाडीत नाही, तुझ्या चपलांत आहे," दादा म्हणाला.

म्हणाला खरा, पण दुसऱ्याच दिवशी त्याने गाडीखाली सरपटत जाऊन मापं घेतली. इंजिनातला धूर मागे नेणारा लोखंडी पाइप बसणाऱ्यांच्या पायांजवळूनच जातो आणि चांगला तापतो. दादाने आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, मग स्टीलचा पत्रा. दोन अर्धे भाग वाकवून त्या पाइपभोवती एखाद्या खोळीसारखे बसवले आणि दोन्ही बाजूंनी जोडले. पुढून एक नळी बाहेरची थंड हवा आणायची. ती माझ्यातून जाताना पाइपला घासून तापायची आणि दुसऱ्या नळीने आत, पायांशी सुटायची. मध्ये एक झडप, आणि झडपेची तार ओढायला डॅशबोर्डवर एक काळी खुंटी. एवढाच मी.

जोड घातल्यावर दादाने माझी तोंडं बंद करून मला पाण्याच्या पिंपात बुडवलं होतं आणि एका नळीतून फुंकत राहिला होता, गाल लाल होईपर्यंत. एक बुडबुडा आला नाही. तेव्हा तो स्वतःशी हसला, आणि हसताना कोणी पाहिलं नाही ना म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. मी पाहिलं ना! अजून आठवतं.

ती थंडी माझ्या आयुष्यातली सुखाची. वहिनी पुढे पाय पसरून बसायच्या आणि म्हणायच्या, "आता कसं उबदार वाटतंय." दादा म्हणायचा, "उबदार कुठलं, कोमट आहे." पुढच्या उन्हाळ्यात दादा जेवून गाडीशेजारच्या आपल्या कामाच्या खोलीत गेला, खुर्चीत बसला आणि पुन्हा उठलाच नाही. हातात कातर तशीच. वहिनी हाक मारायला आल्या, एकदा, दोनदा, आणि उलट उत्तर आलं नाही तेव्हाच त्या दारात मटकन बसल्या.

नंतर बरेच महिने त्या घरात आवाज नव्हता. वहिनींचं शिवणाचं मशीन चालायचं तेवढंच. गाडीवर चादर. मी आत अंधारात.

थंडी पडली तशी बारक्याने चादर काढली. दुःख झालेल्या माणसाच्या हातांना काम लागतं, आणि त्याने काम कशाला धरावं, तर मला. माझी सुधारणा करायची त्याने ठरवली. दादाने आरंभलं ते आपण पूर्णत्वाला न्यायचं, अशी त्याची श्रद्धा. नळ्यांना त्याने लोकरीचा जाड नमदा गुंडाळला, ऊब वाटेत सांडू नये म्हणून. दारांच्या कडांना रबराच्या पट्ट्या बसवल्या. ब्रेक-क्लचच्या दांड्या जिथून येतात ती भोकं बुजवली. समोरच्या काचेवर दव बसायचं, तिकडे एक फाटा काढला. वहिनींना सांगून टपाच्या शिवणींवर आतून दुहेरी पट्टी मारून घेतली. काचा घासणाऱ्या माणसाचं काम ते, त्यात फट कशी सापडणार?

मग त्याने पंखा आणला. नुसत्या गाडीच्या वेगाने येणारी हवा पुरत नव्हती. आता पंखा बसवायचा तर पुढच्या तोंडाशी, म्हणजे तो थंड हवा माझ्यात ढकलतो. पोरासोराला कळेल. बारक्यालाही कळत होतं. पण पुढच्या तोंडाशी दादाने स्वतःच्या हाताने आवळलेला पट्टा होता. तो सोडावा लागला असता.

"दादाने केलेल्या कामाला मी हात लावणार नाही," तो गाडीखाली आडवा पडून मोठ्याने म्हणाला. ऐकायला मी होतो आणि पक्कड होती.

म्हणून पंखा बसला मागच्या बाजूला, आतल्या नळीवर. तिथून तो हवा ढकलेना, ओढू लागला. आणि माझ्या खोळीला तर त्याने बोटही लावलं नाही. बाकीचं सगळं खोलून पाहिलं, पुसलं, बदललं, मला मात्र देव्हाऱ्यात बसवलं. देवाला कोणी विचारतं का, बाबा, तुला आत काही दुखतंय का?

मला दुखत होतं. माझ्या आतल्या धुराच्या पाइपला चीर गेली होती. केसाएवढी. जुनं लोखंड, तापायचं, निवायचं, फाटलं एक दिवस. पंखा ओढू लागला की त्या चिरेतून धूर माझ्या पोटात यायचा आणि गरम हवेबरोबर मुकाट आत जायचा. त्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला मारतो, पण आधी गुंगवतो. डोकं जड होतं, कानात आवाज येतात, मन भलतंसलतं पाहू लागतं. पेट्रोलचा थोडा वास यायचाही, पण जुन्या गाडीला तो असतोच की. कोण लक्ष देतो?

त्या रविवारी सकाळी धुकं होतं. बारक्या एकटाच निघाला. काचा बंद, दारं बंद, पंखा चालू. गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर थोड्या वेळाने त्याने एकदम डावीकडे मान वळवली. शेजारची सीट रिकामी होती.

"दादा?" तो म्हणाला.

मग गाडी कडेला घेऊन तो हुंदके देऊन रडला. रडत रडत बोलत होता, मध्ये थांबत होता, मान डोलवत होता. त्याला काय ऐकू येत होतं ते मला त्याच्याच बोलण्यावरून समजलं. दादा त्याला म्हणत होता, छान केलंस बारक्या, पंखा छान बसवलास, बरोबर आहे तुझं.

आणि मला त्या वेळी काय ऐकू येत होतं, ते आत्ताच सांगत नाही. सांगेन. धीर धरा.

घरी गेल्यावर त्याने वहिनींना सांगितलं. हे मला पुढच्या रविवारी गाडीतल्या त्यांच्या बोलण्यातून कळलं. वहिनी आधी भडकल्या होत्या म्हणे. "भावजी, चष्म्यांच्या दुकानात बसून तुमचेच डोळे गेले वाटतं!"

"डोळ्यांनी नाही हो वहिनी, कानांनी."

"मग कान तपासा."

पण त्या आल्या. चांगली शाल पांघरून आल्या. केस नीट विंचरलेले. भेटायला निघालेल्या बाईसारख्या दिसत होत्या, आणि ते त्यांचं त्यांनाच लाजिरवाणं वाटत असावं, कारण सारख्या पदर सारखा करत होत्या. बारक्याने खुंटी ओढली, पंखा सुरू केला. मी थंड राहायचा किती प्रयत्न केला! पण पाइप तापला की मी तापणारच, माझ्या हातात काय आहे? बऱ्याच वेळाने वहिनींचा हात तोंडावर गेला.

"मागे आहेत," त्या कुजबुजल्या. सीटच्या मागे सामान ठेवायला एक फळी आहे, तिथे. "दमलीस का गं, विचारतायत. भावजी, ह्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं हो."

त्या दिवसापासून दोघं दर रविवारी येऊ लागली. कधी मधल्या वारीही. थंडी असो वा नसो, मला पेटतं ठेवायचं. परत येताना गाल लाल, डोकं ठणकत असायचं, एकदा तर वहिनींना दारातच ओकारी झाली. बारक्या म्हणायचा, रडण्याने डोकं दुखतं. वहिनी म्हणायच्या, वय झालं. मला मात्र एकेक रविवार जड जात होता. दादाच्या हाताने मला या बाईच्या पायांसाठी बनवलं आणि तिलाच मी संपवायला निघालो होतो. मी झडप जाम करून पाहिली, तर बारक्याने तेल सोडून ती मोकळी केली. खडखडून पाहिलं, तर त्याने नमद्याचा आणखी एक तुकडा कोंबला. "आता कसा गप्प बसला," म्हणाला आणि मला थोपटलं!

असंच चालू राहतं तर एका रविवारी ती गाडी कुठेतरी कडेला उभी सापडली असती. इंजिन चालू, काचा बंद, आणि दोघं मान टाकून. पण वहिनींना भांडायची सवय होती, आणि ती सुटत नव्हती.

एकदा त्या मागे न बघताच म्हणाल्या, "अहो, तुमची पत्रा कातरायची मशीन विकून टाकू म्हणते. नुसती जागा अडवून बसलीय."

थांबल्या. ऐकलं. कपाळावर आठी पडली.

"बरं. आणि तुमची कामाची खोली भाड्याने देते. मसाल्याच्या पोत्यांना."

पुन्हा ऐकलं. बारक्याने विचारलं, "काय म्हणतोय?"

"बरोबर आहे तुझं, म्हणतायत." वहिनींचा आवाज बदलला होता. "आणि काय हो, भावजी गाडीला पोपटी रंग देणार आहेत. वर पिवळे ठिपके."

उत्तर ऐकलं. मग त्यांनी खाडकन शेजारची काच सरकवली आणि डोकं बाहेर काढलं. थंड वारा आत घुसला.

"थांबवा गाडी! थांबवा म्हणते ना! हे माझे हे नव्हेत!"

"वहिनी, असं काय..."

"तीस वर्षं संसार केलाय मी. त्या माणसाने मशीन विकायच्या गोष्टीला 'बरोबर आहे' म्हटलं? पोपटी रंगाला? मेला असला तरी उठून बसला असता तो!" त्या खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून मोठमोठे श्वास घेऊ लागल्या. "कोण बसलाय हा मागे गोड गोड बोलत? हाकला त्याला."

मला पाय असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो.

वहिनी शिकलेल्या फार नसल्या तरी विचार सरळ करणाऱ्या. घरी पोचेपर्यंत त्यांनी दोन्ही काचा उघड्या ठेवायला लावल्या आणि वाटेत सगळं जुळवलं. काच उघडली की तो जातो. इंजिन बंद असलं की येत नाही. हीटर नसला की येत नाही. आला की डोकं दुखतं. "भावजी, माणसाचा आत्मा वाऱ्याला भिऊन पळत नाही. हा त्या डब्यातून येतो. तो डबा उघडून बघा."

"नाही," बारक्या म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"तो दादाच्या हातचा आहे. उघडायचा तर कापावा लागेल. त्याने केलेलं बाकी सगळं गिऱ्हाइकांकडे गेलं, वहिनी. आपल्याकडे एवढाच उरलाय."

"आणि आपण दोघं उरलोय, ते?"

 तो हळूच म्हणाला, "आणि समजा, कापला आणि जोडातच खोट निघाली तर? दादाने आपल्या जिवावर उठणारी वस्तू केली, असं म्हणायचं मी? तो गेला आणि वर त्याच्या कामाला नाव ठेवायचं?"

"मेल्या म्हशीला मणभर दूध, तशी गत झालीय तुमची," वहिनी म्हणाल्या. "असता ना समोर, तर रोज नावं ठेवली असतीत." पण त्यांचा आवाज ओला होता, आणि त्या आणखी बोलल्या नाहीत.

मला वाटलं, संपलं. कारण मला बारक्या माहीत होता. तो पुन्हा येणार, एकटा येणार. एकदाच शेवटचं भेटून घेऊ, असं स्वतःला सांगून येणार. आणि आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी, वहिनी बाजारात गेलेल्या पाहून. दारं ओढून घेतली, काचा घट्ट केल्या, पंखा पूर्ण जोरात. त्याच सरळ रस्त्यावर, एका झाडाखाली त्याने गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून तो वाट बघत बसला. माझ्यातून धूर जात होता. मी क्षण मोजायचंही सोडून दिलं. त्या अर्ध्या तासात मला जे वाटलं ते कोणा हीटरला न वाटो.

पण काहीच झालं नाही. त्याने कान टवकारले, डावीकडे पाहिलं, मागे पाहिलं. "दादा," हाक मारली. पुन्हा मारली. डोकं जरासुद्धा जड नव्हतं त्याचं. उलट मान आखडत होती, गार वारा लागत होता. तेव्हा त्याने वर पाहिलं. दोन्ही दारांच्या वर, टपाच्या शिवणी टोकापासून टोकापर्यंत उसवलेल्या होत्या. कापड वाऱ्याने फडफडत होतं.

तो घरी आला तो संतापाने लाल होऊन. वहिनी पिशवी खाली ठेवत होत्या.

"टप कोणी फाडला?"

"फाडला नाही, उसवला. मीच." त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्या दादांनी एवढं एकच शिवणकाम वाखाणलं होतं माझं. म्हणजे काय, शिव्या दिल्या नव्हत्या, इतकंच. काल तुम्ही झोपायला वर गेलात आणि मी कातर घेऊन बसले.  मी माझं उसवलं, भावजी. आता तुम्ही तुमचं कापा."

बारक्या खालीच बसला, पायरीवर.  मग उठून दादाच्या खोलीत गेला आणि त्याची कातर घेऊन आला.

मला गाडीतून काढायला दुपार झाली. पट्टे सुटले, नळ्या सुटल्या. पाइपसकट मी बाकावर आलो. वहिनींनी दिवा धरला. बारक्याने कातरीचं तोंड माझ्या पत्र्याला लावलं आणि म्हणाला, "दादा, माफ कर रे." मग कापत गेला. दुखलं का, विचाराल तर दुखलं. पण इतके दिवस अडकलेला श्वास सुटल्यासारखंही झालं.

आत सगळं काळं. काजळीचा थर. तो पुसल्यावर लोखंडी पाइपवरची चीर दिसली. बारक्याने ती बोटाने चाचपली आणि बोट दिव्यासमोर धरलं. मग त्याने डोळ्याला दुकानातलं काचा तपासायचं जाड भिंग लावलं आणि दादाचा जोड तपासायला घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, इंच इंच. वहिनी दिवा त्याच्या बोटांमागून सरकवत होत्या.

"सुईचं भोक नाही," तो शेवटी म्हणाला. "दादाचं काम चोख आहे. वहिनी, चोख आहे त्याचं काम!" आणि भिंग डोळ्याला तसंच लावून तो रडायला लागला.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "चोख होतं म्हणूनच," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कुठे फट ठेवली असती तर धूर रस्त्यावर गेला असता. मी टपात ठेवली असती तरी गेला असता. तुम्ही तर दारं, भोकं, काही सोडलं नाहीत. तिघांनी इतकं चांगलं काम केलं की धुराला आपल्याशिवाय जागाच उरली नाही." आणि त्या हसल्या की रडल्या ते मला नीट कळलं नाही, कारण दिवा हलत होता.

आता गाडीत नवा हीटर आहे. इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, धुराशी त्याचा संबंधच नाही. गुळगुळीत, आज्ञाधारक, दुकानचा. त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. वहिनी जातात अधूनमधून फिरायला, पाय गरम राहतात. मी इथे भिंतीवर, दादाच्या हत्यारांच्या रांगेत. बारक्या शहाण्यासारखा वागतो. कोणी विषय काढला तर म्हणतो, "धूर होता हो तो. भास. दादा कुठला यायला?" आणि हे म्हणताना त्याचं तोंड असं होतं की बघवत नाही. दादाला त्याने दुसऱ्यांदा पोचवलंय, आणि या वेळी कायमचं.

म्हणून आता सांगतो. धुराने माणसांना भास होतात. मला कसे होणार? मला ना मेंदू, ना नाक. त्या दोघांना ऐकू यायचा तो गोड बोलणारा दादा मला एकदाही ऐकू आला नाही. मला दुसराच ऐकू यायचा. पहिल्या रविवारपासून. तो सीटवर नसायचा की फळीवर नसायचा, तो माझ्याशी असायचा, पाइपपाशी, बोटांच्या पेरांनी माझा पत्रा ठोकत. आणि ओरडायचा. "बारक्या, काच उघड! पंखा पुढे लावायचा असतो, गाढवा, पुढे! सोड तो पट्टा, सोन्याचा आहे का? काप हा डबा, दुसरा करता येतो! अगं तू तरी ऐक, त्या लबाडाचं काय ऐकतेस, मी असा बोलतो का कधी?" ओरडून ओरडून त्याचा आवाज बसायचा. दोघं डोळे मिटून त्या दुसऱ्याचं ऐकत असायची.

परवा संध्याकाळी बारक्या इथे आला, माझ्यावर हात ठेवून उभा राहिला. खोलीत कोणी नव्हतं, म्हणून मोठ्याने विचारलं, "तू आलाच नव्हतास ना रे, दादा?"

दादा त्याच्या खांद्याशीच उभा होता. "आलो नव्हतो? घसा फुटला माझा!" तो म्हणाला.

बारक्याने दिवा मालवला, दार ओढून घेतलं आणि जेवायला गेला.

माझा आवाज त्याच्यापर्यंत जात नाही. तुमचा जाईल. लांब बसून का होईना, तुम्ही ऐकलंत. कधी त्या चष्म्याच्या दुकानात गेलात तर मागच्या खोलीत डोकावून एवढंच सांगा, की तुझा दादा येत होता, आणि तो तुला शिव्या देत होता.